आजीची गोष्ट आणि बालवाडीची पाटी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत बालवाडीविषयी चार शब्द लिहावेत, असे संपादक भगिनींनी मला सांगितले. बालवाडी कशी निघाली, पहिली सतरंजी कोणी दिली, जागेचे भाडे कसे भागविले, हे सर्व चिटणीसबाईंच्या अहवालात येईलच. तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा मागच्या पावसाळ्यात पालकांच्या सभेत मला विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाचे उत्तर येथे द्यावे, असे मी ठरविले. त्या दिवशी मला ते नीट देता आले नव्हते.

सभा संपत आली असता एक तरुण आई उभी राहिली आणि म्हणाली, “मावशी, राग मानू नका. माझा मुलगा सहा महिने झाले इथं येतो आणि घरी येऊन नुसत्या गोष्टी सांगतो. माझ्या जावेची मुलगी त्याच्याच वयाची, दुसरीकडं जाते, ती शंभरापर्यंत आकडे म्हणते. आपल्याकडं शिकवायला कधी लागणार?” दोघीतिघींनी माना हलविल्या. मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर मन खाऊ लागले. ही बाई दिवसभर बियाण्यांची पाकिटे भरण्याच्या कामाला जाते, त्यातून मुलासाठी पैसे बाजूला काढते. तिची काळजी खोटी कशी म्हणावी? तेव्हा मीच स्वतःला विचारले की, गोष्ट सांगणे हे शिकविणे आहे की नुसता वेळ घालविणे? आणि जुनी पुस्तके काढून बसले. जे सापडले ते सांगते.

आपल्यापैकी प्रत्येकीने मुलाला घास भरविताना चिऊकाऊची गोष्ट सांगितली असेल. ती आपल्या आजीने रचली, असे लहानपणी मला वाटे. पुढे कळले की, ती महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव हिंडून, ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांना विचारविचारून, म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात शेणाचे घर आहे, मेणाचे घर आहे, कावळा आहे. फक्त चिमणीच्या जागी साळई आहे. म्हणजे आपण ज्या गोष्टीने घास भरवितो तिला लेखी पुरावाच सातशे वर्षांचा आहे, आणि लिहिण्यापूर्वी ती किती काळ तोंडोतोंडी फिरली असेल कोण जाणे. माझे माहेर भोकरदन तालुक्यातले. महानुभावांचे मोठे क्षेत्र जाळीचा देव आमच्या गावाहून फार दूर नाही. जत्रेच्या गाड्या आमच्या दारावरून जात. पण त्या क्षेत्राचा आणि आजीच्या चिऊकाऊचा काही संबंध असेल, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते.

याच पंथाच्या इतिहासातली दुसरी एक हकीकत मला त्याहून मोलाची वाटते. केशिराजबास हे संस्कृतचे जाणते पंडित. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टान्त त्यांनी ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथात मराठीत एकत्र केले. आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट त्यातलीच. पण त्यांचा ओढा संस्कृतात लिहिण्याकडे होता. तेव्हा पंथाचे आचार्य नागदेव यांनी त्यांना थांबविले. संस्कृतात लिहाल तर माझ्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ग्रंथ कोणत्या भाषेत व्हावा, याचा निर्णय अक्षरशत्रू म्हाताऱ्यांकडे पाहून केला गेला, असे उदाहरण आपल्याकडे आहे. म्हाताऱ्यांना काय कळते, असे आपण सहज म्हणून जातो. नागदेवाचार्य तसे म्हणाले नाहीत.

आता आकड्यांकडे वळते, कारण त्या आईची मुख्य तक्रार आकड्यांची होती.

माझ्या आजीला लिहिता येत नव्हते. सातबाऱ्याच्या कागदावर तिने आयुष्यभर अंगठा उठविला. पण पायलीचे चार शेर, बाजारचा हिशेब, वारसण्या गाईचे दिवस, हे सारे तिला तोंडपाठ. हे ती कोठे शिकली? गोष्टी नीट ऐकल्या तर थोडा उलगडा होतो. राजाच्या राण्या सात, त्यातली एक नावडती. म्हणजे आवडत्या राहिल्या सहा. सात भावांची एक बहीण. सोळा सोमवारांचे व्रत. गोष्टींच्या संग्रहांची नावेसुद्धा संख्येचीच: वेताळपंचविशीत पंचवीस, सिंहासनबत्तिशीत बत्तीस पुतळ्या. पोपटाच्या गोष्टी संस्कृतात सत्तर, ‘शुकसप्तति’. आपल्या मराठीने त्यांची ‘शुकबहात्तरी’ केली. दोन जास्तच घातल्या, कमी नाही!

श्रावणात सोमवारी आपण खुलभर दुधाची कहाणी ऐकतो. राजाने गाभारा दुधाने भरावयाचे ठरविले, साऱ्या नगराचे दूध ओतले तरी तो भरेना, आणि घरातल्या मुलाबाळांना, सुनांना, वासरांना पाजून उरलेले खुलभर दूध घेऊन एक म्हातारी आली, तेव्हा गाभारा भरला. धर्माच्या दृष्टीने कहाणीचा अर्थ निराळा. पण चार वर्षांच्या मुलाला तीत भरलेले आणि रिकामे, पुष्कळ आणि थोडे, आधी आणि मग, एवढे सगळे मिळते. गणिताची सुरुवात आकडे म्हणण्यापासून होत नाही. ती येथून होते. त्या आईच्या जावेची मुलगी शंभरापर्यंत म्हणते हे कौतुकाचेच आहे, पण समोर नऊ चिंचोके ठेवून “किती?” असे विचारले तर ती नऊवर थांबते की पुढे म्हणतच जाते, हे पाहावयास हवे. म्हणणे आणि मोजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बालवाडीत रोज हे दिसते.

न संपणारी गोष्ट आठवते ना? कोठाराला एक भोक, चिमणी येते, एक दाणा घेऊन जाते, पुन्हा येते, पुन्हा एक दाणा. राजा कंटाळतो, पण गोष्ट संपत नाही. एकेक दाणा वाढत किंवा कमी होत जातो, हेच तर मोजण्याचे मूळ. आजी ही गोष्ट सांगे तेव्हा आम्ही नातवंडे ज्वारीचे दाणे एका परातीतून दुसरीत टाकीत असू. कोणी किती टाकले यावरून भांडणे होत, आणि भांडण मिटविण्यासाठी मोजावेच लागे.

छापील पुस्तकांची कथा थोडक्यात सांगते. मराठी छापखान्याने आरंभी जे हाती घेतले त्यात गोष्टीच फार. तंजावरास सरफोजीराजांच्या वेळी १८०६ साली इसापाच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने निघाल्या. बंगालमध्ये श्रीरामपूरला डॉ. केरींच्या छापखान्यात १८१४ साली ‘सिंहासनबत्तिशी’ व पुढल्याच वर्षी ‘हितोपदेश’ छापला गेला, आणि ती पुस्तके कंपनी सरकारच्या साहेबांना मराठी शिकण्यासाठी लागत. मिशा फुटलेल्या साहेबांना भाषा शिकावयास पुतळ्यांच्या गोष्टी चालत असत, ही मौज लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापनीती मराठीत आणली आणि ती शाळांतून पोहोचली. पण ही सगळी पुस्तके ज्याला वाचता येते त्याच्यासाठी. ज्याला अजून येत नाही, त्या मुलाला मात्र अंकलिपी, घोकंपट्टी आणि छडी. गोष्ट घरी, ओटीवर, शाळेत अक्षर. दोहोंची गाठ पडत नव्हती.

ती गाठ घालण्याचा खटाटोप आमच्या मराठवाड्यापासून लांब, गुजरातेत सुरू झाला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. हे गृहस्थ मूळचे वकील. इटलीच्या मारिया माँटेसरी यांचे लेखन वाचून लहान मुलांच्या शिक्षणाकडे वळले. त्यांना लोक प्रेमाने ‘मिशाळ आई’ म्हणत. पुढे विदर्भ-इंदूर-मुंबईशी नाते असलेल्या, राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापनशाळेत काम केलेल्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

येथे एक वाद आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. माँटेसरीबाईंना परीकथा व राक्षसांच्या गोष्टी लहान वयात नको असत. मुलाला खरे काय आणि काल्पनिक काय, हे अजून उमगलेले नसते. अशा वेळी मोठ्या माणसांनी आपल्या कल्पना त्याच्या डोक्यात भरू नयेत, त्याने आधी हातांनी खऱ्या वस्तू हाताळाव्यात, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच टाकाऊ नाही. पण गिजुभाईंनी गुरूचे बाकीचे घेतले आणि एवढे मात्र घेतले नाही. त्यांनी गोष्टीच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, लोककथा जमवून मुलांसाठी लिहून काढल्या. त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक मराठीतही वाचावयास मिळते. त्यातला मास्तर पहिल्या दिवशी वर्गात शांततेचा खेळ घेतो, तो माँटेसरींच्याच पद्धतीतला, आणि पोरे असा गोंधळ घालतात की शाळा सोडून द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो राजाची आणि त्याच्या सात राण्यांची गोष्ट सुरू करतो आणि वर्ग चिडीचूप होतो. पुढे त्याच मुलांकडून पाठ्यपुस्तकांच्या पैशांत गोष्टींची पुस्तके घेऊन तो वर्गाचे वाचनालय करतो. ऐकलेली गोष्ट पुस्तकात दिसली की मुले आपणहून वाचू लागतात. हे पुस्तक म्हणजे कल्पित हकीकत आहे, हे मान्य. पण ज्याने वर्ग घेतला आहे त्याला ती खोटी वाटणार नाही.

पुढे माँटेसरीबाई स्वतः १९३९ मध्ये हिंदुस्थानात आल्या व महायुद्धामुळे अनेक वर्षे येथेच राहिल्या. गिजुभाई त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते.

ताराबाईंनी हे काम मराठीत आणले. दादरला शिशुविहार काढला, ‘शिक्षणपत्रिके’तून आईबापांशी वर्षानुवर्षे बोलत राहिल्या. पण शहरातल्या मुलांपाशी थांबावे असे त्यांना वाटेना. २४ डिसेंबर १९४५ रोजी समुद्रकाठच्या बोर्डी गावी त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या जोडीला अनुताई वाघ होत्या. अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. तेव्हापासून शिकत, शिकवीत त्या येथवर पोहोचल्या होत्या. बोर्डीच्या हरिजनवाड्यातली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, असे ठरले. झाडाखाली, अंगणात, मुलांना न्हाऊ घालण्यापासून सुरुवात. माँटेसरीची महागडी साधने कोठून आणावयाची? त्याऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या. हीच ती अंगणवाडी. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हे काम वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरणारी शाळाही तेथे निघाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आज गल्लोगल्ली जी ‘अंगणवाडी’ दिसते, ते नाव दोन बायकांनी एका वाड्याच्या अंगणात बसून कमावलेले आहे, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत असेल?

आमच्याकडे त्या काळी काय होते? जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. आपला जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ ला. निजामाच्या राज्यात कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. घरात मराठी, कागदावर उर्दू, आणि मुलीच्या हाती कागदच नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेले, पण आमच्या आयांची पिढी तोवर चुलीपाशी बसून गेली होती. प्रौढांना अक्षरे शिकविणारी ग्रामशिक्षण मोहीम सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू होऊन पुढे राज्यभर पसरली. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या ‘समाजशिक्षण माले’ची सोप्या भाषेतली पुस्तके नवसाक्षरांसाठीच होती, आणि त्याच सरोजिनीबाईंनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या ओव्या व कहाण्या जमवून ठेवल्या. ज्या बायकांना वाचता येत नाही त्यांच्याकडे लिहून घेण्यासारखे आहे, हे त्यांनी ओळखले. एवढे होऊनही २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यातल्या साक्षर स्त्रियांचे प्रमाण शंभरात साठाच्या आसपासच भरले. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण पायाभूत मानले आहे आणि गोष्टी, खेळ, गाणी यांवर भर आहे. धोरण चांगले आहे. पण गोष्ट सांगणार कोण?

आता आपल्या बालवाडीतले. आम्ही आरंभी चूकच केली, ती लपवीत नाही. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगून झाली की लगेच प्रश्न: म्हातारीला वाटेत कोणकोण भेटले? किती जण? वाघ पहिला की कोल्हा पहिला? चार दिवसांत मुले गोष्टीच्या नावानेच अंग चोरू लागली. गोष्ट संपली की परीक्षा येते, हे त्यांनी ओळखले. मग आम्ही विचारणे सोडले आणि गोष्ट खेळावयास लागलो. वाघ, अस्वल, कोल्हा अशी मुलेच रांगेत उभी राहतात. पहिला, दुसरा, तिसरा हे त्यांना उभे राहिल्यानेच कळते. उंदराच्या टोपीच्या गोष्टीत उंदीर धोब्याकडून शिंप्याकडे जातो, तो क्रम एखादी बाई मुद्दाम चुकविते आणि सारी मुले ओरडून तिला दुरुस्त करतात. गोंडे किती लावावयाचे यावर दर वेळी नवा वाद, आणि चिंचोके मांडून निकाल.

अक्षरांचेही तसेच. रोज ऐकलेला शब्द फळ्यावर लिहिला की मूल तो चित्रासारखा आधी ओळखते, अक्षरे मागून सुटी होतात. पण शब्द निवडताना जपावे लागते. ‘म्हातारी’ पहिल्या दिवशी घेऊ नये, ‘म्ह’ पाशीच गाडी अडते. ‘चिऊ’चा च आणि ‘चाका’चा च लिहावयास एकच, बोलावयास दोन; तेथे एक मुलगी हट्टाला पेटली की हे अक्षर तेच नव्हे, आणि खरे तर तिचेच कान बरोबर होते. ‘भोपळा’, ‘टोपी’, ‘घर’ हे शब्द सोयीचे.

सगळ्या गोष्टी जशाच्या तशा सांगाव्यात असेही मी म्हणणार नाही. चिऊकाऊ सांगताना एका मुलाने विचारले, “आमचं घर पण शेणानं सारवतात. मग ते वाईट का?” मी गप्प. सातशे वर्षांच्या गोष्टीला त्याने एका वाक्यात अडविले. तेव्हापासून आमच्या बालवाडीत चिमणी दार लवकर उघडते.

शेवटी एक प्रसंग सांगते. त्या तरुण आईचा मुलगा आणावयास त्याची आजी येत असे. ती कधी उंबऱ्याच्या आत आली नाही. “आत या की,” म्हटले तर म्हणे, “मी काय करू बाई तिथं? मी अंगठेबहाद्दर.” एके दिवशी आमच्या बाई रजेवर होत्या, मुले आवरेनात, म्हणून मी तिला अक्षरशः हाताला धरून आत बसविले आणि म्हटले, “तुम्हाला भोपळ्याची गोष्ट येते ना?” ती आधी लाजली, मग पदर सावरून सांगू लागली. तिची म्हातारी आमच्या म्हातारीसारखी नव्हती. ती अंबडच्या बाजाराच्या वाटेने गेली, तिला वाटेत लांडगा भेटला, लेकीच्या घरी तिने सात दिवस काय काय खाल्ले ते वाराप्रमाणे आले. सातही वार. मुले तिच्याबरोबर बोटे मोडीत होती. मागे दारात तिची सून उभी होती, कामावरून लवकर सुटलेली. ती काही बोलली नाही. चप्पल काढून मागच्या रांगेत बसली.

त्यानंतर आजी आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. एका शनिवारी मुले पाटीवर ‘भ’ गिरवीत होती, तेव्हा त्यांनी नातवाची पाटी हळूच मांडीवर ओढली आणि खडूने अक्षर काढले. रेघ डोक्यावर पुरती जोडली गेली. नातू वाकून बघत म्हणाला, “आजी, हा भ नाही. हा म झाला. भोपळ्याचा नाही, म्हातारीचा.”

आजी पाटीकडे बघून हसल्या. म्हणाल्या, “मग बरोबरच हाय की रे. भोपळ्यात म्हातारीच बसलेली असती.”